‘मीडिया एकांगी आहे’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमचा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याच्या मित्रांमध्ये गांजा ओढला जातो, एक-दोघं पार्टीत गोळ्याही घेतात, हे बोलता बोलता तुम्हाला कळलं. तुम्ही त्याच्यापुढे पेपरातली एक बातमी ठेवली. तो हसला आणि म्हणाला, ‘आई, मीडिया एकांगी असतो. माझे सात मित्र घेतात, सातही ठणठणीत आहेत आणि वेळेवर पास होतात.’ त्यावर तुम्हाला काही सुचलं नाही. बातम्या खरंच एकांगी असतात का आणि असतील तर त्याला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

असतात. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बावीस वर्षं काढल्यावर एवढं मी बिनधास्त सांगू शकतो. यावर मुलाशी वाद घालू नका, हराल. पण ‘बातमी एकांगी आहे, म्हणजे धोका नाही’ ही उडी त्याने मधल्या मध्ये मारलीय. आपल्याला बोलायचंय ते त्या उडीबद्दल.

काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. तो स्वतः घेतो की नुसता बसतो? घेत असेल तर काय, किती वेळा, एकटा की घोळक्यात, वर दारू असते का? घरात, आजोळी, काका-मामांत कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार आहे का? असेल तर गांजाच्या बाबतीत माझं उत्तर फार कडक होतं. नसेल तर खाली लिहिलंय ते चालेल.

आता बातमीबद्दल. शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद असायचे, ते आठवा. बातमीत फक्त अंश असतो. कोण मेलं, कोण पकडलं गेलं, कोण गच्चीवरून पडलं, हे सगळं अंशात येतं. घेणारे एकूण किती, हा छेद कुणी छापत नाही, कारण ‘काल रात्री काहीच घडलं नाही’ ही बातमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 29 कोटी 20 लाख लोकांनी वर्षातून निदान एकदा कुठलातरी अमली पदार्थ घेतला. त्यातल्या सुमारे 6 कोटी 40 लाखांना त्याच्या व्यसनाचा आजार जडलेला होता. म्हणजे पाचात एकापेक्षा थोडं जास्त. पेपर वाचून तुम्हाला वाटतं पाचातले पाच, मुलाला वाटतं शून्य.

अंशातही निवड असते. अलास्डेर फोर्सिथ या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या 1990च्या दशकातल्या औषध-अमली पदार्थांच्या मृत्यूंची नोंद एका बाजूला आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या दुसऱ्या बाजूला ठेवून ताळा घातला. पॅरासिटामॉलने झालेल्या अडीचशे मृत्यूंमागे एखाद्याची बातमी झाली होती. डायझेपाम या चिंता-झोपेवरच्या गोळीच्या पन्नासांमागे एकाची. उत्तेजक म्हणून घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅम्फेटामिनच्या तिनांत एकाची. आणि एक्स्टसी या पार्टीतल्या गोळीच्या मृत्यूंची जवळजवळ प्रत्येकाची. त्या दशकातला पेपर वाचून कोणत्या गोळीने जास्त माणसं जातात हे कुणी ठरवलं असतं, तर क्रम बरोबर उलटा लागला असता. घरातल्या कपाटातली गोळी ही बातमी नाही. तरुण मुलगी, नाचगाणं, रात्र आणि नवं नाव असलेला पदार्थ ही बातमी आहे.

हे होतं कसं, तेही सांगतो, कारण यात कुणाचा कट नसतो. सकाळी पोलिसांची प्रेसनोट येते. तिच्यात पकडलेला माल, त्याची किंमत आणि आरोपींची नावं असतात. बीटवरच्या रिपोर्टरला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते आणि हातात तेवढी प्रेसनोट असते. मृत्यू असेल तर ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला आहे’ ही ओळ शेवटी येते, पण मथळा तोवर ठरलेला असतो. अहवाल कित्येक आठवड्यांनी येतो, तेव्हा ती बीट दुसऱ्याच भानगडीत गुंतलेली असते.

2010च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावात दोन तरुण एका रात्रीत गेले. मेफेड्रोनने गेले, असं सगळीकडे छापून आलं. मेफेड्रोन म्हणजे मराठी बातम्यांत ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते. एप्रिलमध्ये तिथे त्यावर बंदी आली. मे महिन्यात तपासणीचा अहवाल आला तेव्हा दोघांच्याही रक्तात मेफेड्रोन नव्हतं, मेथाडोन होतं. मेथाडोन हे ओपिऑइड, श्वास मंदावणारं औषध. नावं ऐकायला जवळची, पण काम अगदी निराळं. मेफेड्रोन घातक नाही, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे त्याने झोप उडालेली, भास होणारी मुलं येतात. पण ज्यांनी तो मार्च वाचला आणि मे वाचला नाही, त्यांना मेथाडोनचा धोका कळायचा राहूनच गेला.

माझा स्वतःचाही यात हात आहे. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी मी वीस मिनिटं बोललो. किती जणांना व्यसन लागतं, किती जणांना नाही, सुटतं कसं, सगळं सांगितलं. रात्री पाहिलं तर सात सेकंद होतो: ‘एकदा लागलं की आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं.’ वाक्य माझंच होतं, पण त्याच्या आधी ‘काही जणांचं’ होतं, ते कापलं गेलं. बायको म्हणाली, शर्ट चांगला दिसत होता.

संशोधनाच्या बातम्यांतही हेच चालतं. 2002 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं की एक्स्टसीच्या एका रात्रीच्या डोसाने माकडांच्या मेंदूत पार्किन्सनसारखी इजा होते. जगभर मथळे झाले. वर्षभराने त्याच संशोधकांनी निबंध मागे घेतला, कारण बाटल्यांवरची लेबलं चुकली होती आणि माकडांना एक्स्टसीऐवजी मेथअ‍ॅम्फेटामिन दिलं गेलं होतं. ही दुसरी बातमी आतल्या पानात गेली. मुलं मात्र असे किस्से शोधून काढतात आणि तोंडपाठ करतात. तुमचा मुलगा उद्या हा तुमच्या तोंडावर मारेल, म्हणून आधीच सांगून ठेवला.

अमेरिकेतल्या ‘क्रॅक बेबी’ची गोष्ट मला जास्त लागते. 1985 मध्ये अवघ्या 23 बायकांवरचा एक छोटा अभ्यास आला. पुढची कित्येक वर्षं माध्यमांनी सांगितलं की गरोदरपणी क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, घेतलेल्या आयांच्या मुलांची एक अख्खी पिढी मतिमंद, हिंसक, वाया गेलेली निघणार. हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी फिलाडेल्फियात 1989 पासून कोकेनच्या संपर्कात आलेली आणि न आलेली बाळं जवळजवळ दोन दशकं मोजली. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दोन्ही गट सरासरीपेक्षा मागे होते, कारण दोन्ही गरीब घरांतले होते. गरिबीची बातमी झाली नाही. मधल्या काळात त्या मुलांना वर्गात कुणी कशा नजरेने पाहिलं असेल, याचा विचार करा.

इथपर्यंत तुमचा मुलगा टाळ्या वाजवत असेल. आता त्याची पाळी.

त्याचे सात मित्र हाही अपुरा हिशोबच आहे. त्याच्याकडे छेद आहे, पण अंश गळालेला आहे. मित्रांच्या कंपूतून ज्याचं बिनसतं तो कंपूत राहत नाही. कुणी वर्ष गमावून घरी जातो, कुणाला भीतीचे झटके यायला लागतात आणि तो ‘बोअर झाला’ म्हणून येणं बंद करतो. गेल्या वर्षी असलेला आणि यंदा नसलेला आठवा कोण, असं मुलाला विचारा. माझ्या ओपीडीत मी हा प्रश्न नेहमी विचारतो आणि बहुतेक वेळा पोरगा जरा थांबतो, मग एक नाव निघतं. शिवाय बऱ्याच गोष्टींना वेळ लागतो. दोन वर्षांत काही झालं नाही याचा अर्थ दोन वर्षांत काही झालं नाही, एवढाच.

माझ्या खुर्चीवरूनही चुकीचंच दिसतं, हे मी लपवत नाही. माझ्याकडे येतात ते बिघडलेले. ज्याने कॉलेजात वर्षभर ओढलं आणि नोकरी लागल्यावर सोडून दिलं, तो माझ्याकडे केस पेपर काढायला कशाला येईल? 1984 मध्ये पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी याला नावच दिलं, ‘चिकित्सकाचा भ्रम’. सुरुवातीच्या वर्षांत मी त्यात पुरता बुडालो होतो. गांजा ओढणारा प्रत्येक मुलगा मला सहा महिन्यांनी वॉर्डात दिसायचा. त्यातून बाहेर काढलं ते लोकसंख्येवरच्या अभ्यासांनी. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन सर्वेक्षणात, आयुष्यात कधीतरी तो पदार्थ घेतलेल्यांपैकी व्यसन किती जणांना लागलं ते मोजलं होतं. तंबाखू साधारण 32 टक्के, हेरॉईन 23, कोकेन 17, दारू 15, गांजा 9. कुमारवयात सुरू केलं तर गांजाचा आकडा सहात एकाच्या आसपास जातो, असं इतर अभ्यास सांगतात. हे आकडे मुलासमोर ठेवा. अकरापैकी किंवा सहापैकी एक, ही गोष्ट घाबरून किंचाळण्याची नाही, पण सात मित्रांच्या कंपूत ती कुणाच्या तरी वाट्याला येईल इतपत जवळची आहे.

अंश-छेदाची शिस्त दोन्हीकडे लावावी लागते. ‘दारूने जास्त माणसं मरतात’ हे मुलं हमखास म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2019 मध्ये दारूमुळे सुमारे 26 लाख मृत्यू झाले आणि इतर अमली पदार्थांमुळे सुमारे 6 लाख, त्यामुळे वाक्य खरं आहे. पण दारू पिणारे कितीतरी पटींनी जास्त आहेत, तो छेद इथे सोयीने गळतो. दारू सुरक्षित नाही आणि गांजा-गोळ्याही नाहीत, यापलीकडे या तुलनेतून फारसं काही हाती लागत नाही.

एकांगीपणा हल्ली उलट्या बाजूनेही येतो, आणि तुमच्या मुलाच्या मोबाइलवर बहुधा तोच जास्त येत असेल. गांजा म्हणजे नैसर्गिक औषध, नशेचे मशरूम म्हणजे नैराश्यावरचा रामबाण उपाय, वगैरे. प्रयोगशाळेत निवडलेल्या रुग्णाला, मोजलेला डोस, दोन थेरपिस्ट समोर बसवून देणं आणि शनिवारी कुणाच्यातरी खोलीत ओळख नसलेली गोळी गिळणं यांना एकाच मथळ्याखाली बसवलं जातं. मानसिक आघातावर एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीतला पदार्थ, वापरण्याच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2024च्या ऑगस्टमध्ये मंजुरी नाकारली, आणखी पुरावा मागितला. आधीच्या कौतुकाच्या बातम्यांइतका त्याचा गाजावाजा झाला नाही. जास्त तीव्रतेचा गांजा रोज ओढणं आणि भास-संशयाचे आजार यांचा संबंध आता अनेक अभ्यासांत दिसलाय. तोही ‘नैसर्गिक’वाल्या रीलमध्ये नसतो.

मग या सगळ्या एकांगीपणाने नुकसान नेमकं काय होतं? माझ्या मते सगळ्यात मोठं हे, की कामाची माहितीच पोचत नाही. 1995 मध्ये इंग्लंडमध्ये एक मुलगी आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत एक्स्टसीची एक गोळी घेऊन कोसळली आणि काही दिवसांनी गेली. एका गोळीने जीव घेतला, असं देशभर फलकांवर तिच्या फोटोसह लागलं. चौकशीत निघालं ते असं: तिने साधारण दीड तासात सात लिटरच्या आसपास पाणी प्यायलं होतं. ही गोळी घेतल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी होत नाही, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते. ‘पाणी भरपूर प्यायचं’ हा तासन्‌तास नाचून घाम गाळणाऱ्यांना दिलेला सल्ला तिने घरात बसून पाळला. गोळीचा दोष होताच, ती नसती तर मूत्रपिंडांनी पाणी बाहेर टाकलं असतं. पण फलक वाचून त्या वयाच्या पोरांना एवढंच कळलं की मोठी माणसं घाबरवतायत. पाण्याची गोष्ट, जिने पुढच्या कुणाचा जीव वाचला असता, ती फलकावर मावली नाही.

फेंटानिल या अतिशय तीव्र ओपिऑइडचंही तसंच. नुसतं हाताला लागलं म्हणून पोलीस कोसळल्याचे व्हिडिओ अमेरिकेत फिरले. तिथल्या विषशास्त्रज्ञांच्या संघटनांनी 2017 मध्ये लेखी सांगितलं की अशा ओझरत्या स्पर्शाने विषबाधा होणं अतिशय असंभव आहे. तरी व्हिडिओ फिरतायत, आणि खरोखर श्वास थांबलेल्या माणसाला हात लावायला लोक बिचकतात.

मला आठवतो तो एक मुलगा. वय वीस. मित्रांनी रात्री कॅज्युअल्टीत आणला, तेव्हा श्वास मिनिटाला सात-आठ. बरोबरचे तिघं एकच सांगत होते, ‘सर, ड्रग्ज नाही, देवाशपथ. नुसती बिअर.’ बिअरने असं होत नाही, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी त्यातल्या एकाने खिशातून स्ट्रिप काढली. अल्प्राझोलाम, दहाची, सहा खड्डे रिकामे. ‘या गोळ्याच आहेत ना सर, याच्या आजीच्या आहेत, झोपेच्या.’ खोटं बोलत नव्हती पोरं. त्यांच्या डोक्यात ड्रग्ज म्हणजे टीव्हीवर दिसणारी पांढरी पूड, टेबलावर मांडलेली पाकिटं आणि मागे उभे अधिकारी. आजीच्या डब्यातली, डॉक्टरने लिहून दिलेली गोळी त्या चित्रात बसतच नव्हती, म्हणून ती दारूबरोबर घ्यायला त्यांना काहीच वाटलं नाही. मुलगा वाचला. त्याची बातमी झाली नाही, ते बरंच झालं.

आणखी एक बाजू थोडक्यात. ‘एकदा अडकला की संपला’ हाही बातम्यांचाच ठसा आहे. व्हिएतनाम युद्धात साधारण पाचात एक अमेरिकन सैनिक हेरॉईनच्या व्यसनात अडकला होता, आणि 1971 मध्ये ते परतू लागल्यावर देश हादरला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा माग ठेवला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेले ते सुमारे 5 टक्के. सगळ्यांचं असं होत नाही, घरी परत आल्यावर भोवतालही तोच राहिला तर सुटणं अवघड जातं. पण माझ्याकडे येणाऱ्या आईबापांच्या चेहऱ्यावर जी ‘आता सगळं संपलं’ ही छाया असते, ती बरीचशी पेपरातून आलेली असते आणि ती उपचाराच्या आड येते.

आता मुलाशी बोलायचं कसं. भीती घालू नका. अमेरिकेने 1998 ते 2004 या काळात तरुणांसाठीच्या अमली पदार्थविरोधी जाहिरातींवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च केले. 2008 मध्ये आलेल्या मूल्यमापनात त्याने गांजाचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं नाही, उलट काही मुलांची उत्सुकता वाढल्याच्या खुणा दिसल्या. तुमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, तेव्हा त्या वाटेने जाऊच नका.

सुरुवात त्याला बरोबर म्हणून करा. ‘तू म्हणालास ते खरं आहे, मी वाचलं, बातम्यांत अर्धंच असतं.’ मग आठव्या मित्राचा प्रश्न. मग पुढची बातमी दोघांनी मिळून वाचा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: माहिती कुणी दिली, रक्ताचा अहवाल आला होता का, आणि पदार्थ ‘आढळला’ असं म्हटलंय की त्या ‘मुळे’ मृत्यू झाला असं. शेवटच्या दोन शब्दांत बराच फरक आहे. पोरांना हा खेळ आवडतो, कारण त्यात आईची बाजू आधीच ठरलेली नसते. तो स्वतः घेतो का, हे त्यातच कधीतरी निघेल. निघालं की लगेच व्याख्यान देऊ नका.

झोप उलटीपालटी होणं, एकटं बसून ओढणं, सकाळी उठल्या उठल्या लागणं, उगाच संशय घेणं, पैशाच्या थापा, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर वाद बाजूला ठेवून जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. घरात वर म्हटलेल्या आजारांचा इतिहास असेल तर एकही पुरे.

आणि एक गोष्ट आजच सांगून टाका, तो घेत असो वा नसो. कुणी हलवूनही उठत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल किंवा श्वास संथ होत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचं नाही. कुशीवर वळवायचं, रुग्णवाहिका बोलवायची, एकटं सोडायचं नाही. दवाखान्यात काय काय घेतलं ते सगळं सांगायचं, दारू आणि ‘साध्या’ गोळ्यांसकट. घरी कुणी ओरडणार नाही, हा शब्द त्याला द्या आणि पाळा. खिशात पाकीट, पुडी, स्ट्रिप जे असेल ते बरोबर न्यायचं आणि पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टरच्या हातात द्यायचं.